स्वे बार काढा म्हणणाऱ्यांना उत्तर

“ऑफ-रोडिंगला जायचे असेल तर आधी स्वे बार काढून टाका, चाके मोकळी होतात, पकड वाढते, रस्त्यावर गाडी थोडी डुलते एवढेच, आणि जीप कंपनीसुद्धा तेच करते” असा सल्ला थार आणि जिम्नीवाल्यांमध्ये हातोहात फिरत आहे. त्यात तथ्याचा एक अंश आहे, म्हणूनच तो चटकन पटतो.

तो अंश आधी मान्य करू. स्वे बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्टॅबिलायझर, हा डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पोलादी दांडा. दोन्ही चाके एकदम उचलली गेली तर तो आपल्या बुशांत, म्हणजे रबरी आधारांत, नुसता फिरतो; एक वर आणि दुसरे खाली गेले, तरच पिळला जाऊन विरोध करतो. वळणावर गाडी कलते तेव्हा हेच घडते आणि एक चाक दगडावर, दुसरे खड्ड्यात असते तेव्हाही हेच. या दोहोंतला फरक बाराला कळत नाही. त्यामुळे दगडधोंड्यांत तो सोडल्यास चाक जमिनीला अधिक वेळ टेकून राहते, हे खरे आहे.

पण ‘चाके मोकळी होतात’ म्हणजे किती, हे गाडीवर अवलंबून आहे. चाकाची एकूण चाल शॉक अॅब्सॉर्बरची लांबी आणि बम्प स्टॉप (चाक वर जाताना थोपवणारे रबर) ठरवतात, आणि प्रत्येक चाक वेगळे हलणारे स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर विशबोन (चाक धरणारी भुजा) व ड्राइव्ह शाफ्टच्या जोडाचा कोनही. बार काढल्याने ही मर्यादा सहसा वाढत नाही, तिच्यापर्यंत पोहोचणे सोपे होते. जिम्नीला पुढे-मागे सॉलिड अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच ताठ आस, असल्याने तिथे फरक स्पष्ट दिसतो. 2020 पासूनच्या थारला पुढे डबल विशबोनचे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे पुढचा बार काढून हाती लागते ते बेताचेच. शंका असेल त्याने मोजून पाहावे. 20 अंशांच्या रॅम्पवर एक पुढचे चाक चढवत न्यावे आणि दुसरे कुठलेही चाक जमीन सोडू लागले की थांबून, चढलेले अंतर व्हीलबेसने (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराने) भागून हजाराने गुणावे. 2450 मिलिमीटर व्हीलबेसची थार 1225 मिलिमीटर चढली तर आकडा 500 येतो. बार लावून आणि काढून, असे दोन आकडे समोर ठेवले की वाद बराच मिटतो.

पकडीबद्दल थोडक्यात सांगायचे तर डिफरन्शियल लॉक, म्हणजे एका अॅक्सलची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय, असलेल्या गाडीत एक चाक हवेत गेले तरी दुसऱ्याला ताकद मिळतच राहते, त्यामुळे तिथे बाराचा अडथळा तितकासा नडत नाही.

खरा घोळ आहे तो ‘थोडी डुलते एवढेच’ या वाक्यात. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार सरकेल, हे मुख्यतः वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधले अंतर यांवरून ठरते. बार असो वा नसो, त्यात फारसा फरक पडत नाही. त्या भारातला किती वाटा पुढच्या अॅक्सलने उचलायचा आणि किती मागच्याने, हे मात्र बार ठरवतात. अनेक जण फक्त पुढचा बार काढतात. मग मागचा वाटा वाढतो, बाहेरच्या बाजूचा मागचा टायर आपल्या मर्यादेला आधी पोहोचतो आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाण्याची शक्यता वाढते. उंची वाढवलेली, टपावर कॅरिअर लादलेली गाडी पावसात ताम्हिणी घाट उतरत असताना समोर अचानक म्हशी आल्या आणि स्टिअरिंग झटकन फिरवावे लागले, तर याला ‘थोडी डुलते’ कोण म्हणेल?

उरला जीपचा दाखला, आणि तो तर उलटाच लागू पडतो. रांजणगावला जोडणी होणाऱ्या रँग्लर रुबिकॉनमध्ये बटण दाबून सुटतो तो फक्त पुढचा बार, तोही फोर-व्हील ड्राइव्हमध्ये आणि ताशी सुमारे 29 किलोमीटरच्या आत. वेग वाढला की तो आपोआप पुन्हा जोडला जातो. बार नसला तरी चालत असते, तर कंपनीने ही मोटर आणि क्लच कशासाठी बसवले असते?

जाता जाता एक निरीक्षण. बार काढून टाकलेल्या कित्येक गाड्यांत मूळ तक्रार खडखडाटाची असते. एका स्नेह्याने असाच काढलेला बार मी पाहिला. दांडा ठणठणीत होता, पण त्याला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या लिंक रॉडच्या बुशाचे रबर बोटांनी दाबताच भुगा होऊन गळत होते. नवे बुश टाकून काम भागले असते.

माझ्या मते कंपनीचे बार तसेच ठेवावेत, आणि पुढे सॉलिड अॅक्सल असून दगडांत नेहमी जाणे होत असेल तरच पुढे झटपट सुटणाऱ्या लिंक बसवाव्यात. सोडलेला दांडा ब्रेक होज आणि टायरपासून दूर, वर बांधावा. डांबरी रस्ता लागण्याआधी, सपाट जागा बघूनच तो पुन्हा जोडावा. उतारावर प्रयत्न केला तर दोन चाके वरखाली असल्याने पिन भोकासमोर येत नाही, आणि मग जोडीदाराला बंपरवर उभे करून गाडी हलवत बसावे लागते.