डिस्कचं सील फोडू नका, भाव पडेल

तुम्हाला 'पंच-आउट', निन्टेन्डोचा तो बॉक्सिंगचा व्हिडिओ गेम, आवडतो? छान. मग सगळ्यात आधी तो खेळायची सवय सोडा.

खेळणं हे चाहत्याचं काम नाही. चाहत्यानं रंकाळ्यावर भेळ खात 'भावा, आमच्या वेळचा गेम लई भारी' म्हणायचं, स्टेटस ठेवायचं आणि घरी जाऊन झोपायचं. हातात कंट्रोलर घेतलात तर भलतंच कळेल. हा ठोसे मारायचा गेमच नाही, बघत थांबायचा आहे. समोरच्या ग्रेट टायगर या बॉक्सरच्या फेट्यातला मणी चमकला की समजायचं, आला ठोसा. किंग हिप्पोनं तोंड उघडलं की तिथंच द्यायची. त्याची चड्डी सुटली की पोटावर सुरू व्हायचं. बाल्ड बुल उड्या मारत अंगावर येतो तेव्हा पोटात एकच ठोसा, पण नेमक्या क्षणी. जरा आधी नाही, जरा नंतर नाही. तालमीत वस्ताद 'गड्याच्या हाताकडं नको, पायाकडं बघ' म्हणून ओरडतात, तेच हे. लिटल मॅक नावाचं 107 पौंडांचं, 17 वर्षांचं पोरगं स्वतःच्या दुप्पट गड्यांना लोळवतं ते ताकदीवर नाही, नजरेवर. पण एवढं कळून घ्यायला दहा वेळा मार खावा लागतो. वेळ कुणाला आहे?

टीव्ही मोठाच घ्या. त्यावर चित्र उशिरा हलतं, म्हणून बटण दाबल्यावर मॅक सावकाश विचार करून वाकतो, तोवर 99 मॅच हरलेला ग्लास जोसुद्धा तुम्हाला झोपवतो.

007 373 5963: जुन्या गेमात थेट माइक टायसनसमोर नेणारा पासवर्ड. ज्यांना कळलं त्यांना कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: डिस्क नेहमी ओळखीच्या माणसाकडूनच घ्या. मी घेतली. मेहुण्यानं लंडनहून आणलेला वी, म्हणजे निन्टेन्डोचं गेमचं मशीन, माझ्याकडं आहे आणि 2009 चा 'पंच-आउट' त्याच्यासाठीच निघालेला. ओळखीच्या एका दुकानदारानं खास माझ्यासाठी डिस्क मागवली. 'शेवटचा पीस हाय, दादा.' साडेचार हजार. मी विचारलं, 'ही अमेरिकेची दिसते, माझ्या मशीनवर चालेल ना?' तर म्हणे, 'वीची डिस्क म्हणजे वीचीच की ओ. चालतंय की!' घरी आलो, भाच्याला शेजारी बसवलं, डिस्क आत सरकवली. सर्रर्र आवाज झाला आणि पडद्यावर कोरडी सूचना: ही डिस्क वाचता येत नाही. पुसली. फुंकर मारली, जणू ती लहानपणची कॅसेटच. परत तेच. अमेरिकेची डिस्क लंडनच्या वीवर चालत नाही, मशीनमध्येच तसं कुलूप घातलेलं असतं. हे त्याला माहीत नव्हतं? रोज तोच धंदा करतो! परत गेलो तर मान वर न करता म्हणतो, 'फोडलेला माल परत घेत न्हाई. तुमचं मशीनच गंडलंय.' साडेचार हजारात अख्ख्या गल्लीला तांबडा-पांढरा घातला असता! आणि वर भाचा विचारतो, 'मामा, यूट्यूबवर बघूया का?'

बघा, यूट्यूबवरच बघा. पुढचा भाग येईल म्हणून वाटही बघा. 1984 ला आर्केड, 1987 ला टायसनवाला, 1990 ला टायसनचा करार संपला म्हणून तोच गेम मिस्टर ड्रीम या काल्पनिक बॉक्सरचं तोंड लावून, 1994 ला 'सुपर पंच-आउट', मग थेट 2009. त्यानंतर? वीवरचा गेम ज्या नेक्स्ट लेव्हलनं बनवला, ती कंपनी निन्टेन्डोनं 2021 ला विकत घेतली. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. त्यांना लावलं फुटबॉलच्या गेमला! लिटल मॅक 'स्मॅश' या निन्टेन्डोच्याच मारामारीच्या गेमात पाहुणा म्हणून दिसतो, तेवढंच.

बास झालं. सल्ले देऊन देऊन डोकं फिरलं माझं. त्या दुकानदाराला शिव्या घातल्या तरी खरा राग तुमच्यावर आहे. होय, तुमच्यावर. सीलबंद डिस्का कपाटात रचून भाव चढायची वाट बघणारे तुम्हीच ना? अरे, तो गेम आहे, गुंठेवारीतला प्लॉट नाही. पैलवानाला आखाड्यात उतरवायचं सोडून काचेच्या कपाटात उभा करता आणि वर 'नवीन पोरांना चव नाही' म्हणून गळा काढता. पोरांना चव लागणार कुठून? माझ्या भाच्यानं बाल्ड बुलला एकदाही समोर येताना बघितलेलं नाही. जुने दोन भाग स्विच या निन्टेन्डोच्या नव्या मशीनवर वर्गणीत मिळतात, ते तरी किती जणांनी पोरांसोबत बसून खेळलेत? स्टेटस मात्र रोज.

आणि कालपासून मला तीन फोन आलेत, 'दादा, ती डिस्क कितीला देणार?' म्हणून. लाज वाटू द्या जरा.