खुलासा : भाड्याचे ‘बारा महिने’ हिशोबात धरू नका

सांगली-मिरजेत एक संदेश फिरतोय : ‘विश्रामबागेत २५ लाखांचा फ्लॅट घ्या, महिना १०,००० भाडे, वर्षाला १,२०,०००, म्हणजे ४.८ टक्के परतावा.’ गुणाकार बरोबर आहे, हिशोब नाही.

करार सहसा ११ महिन्यांचा असतो. विद्यार्थी जुलैत आले तर मे अखेरीस जातात आणि नवे प्रवेश होईपर्यंत घराला कुलूप. दीड महिना रिकामा धरा : १५,००० गेले. एरवी भाडेकरू भरतो तो महिना १,२०० मेंटेनन्स त्या काळात तुमच्या खिशातून, म्हणजे १,८००. दलाली एक भाडे, १०,०००. खिळ्यांची भोकं बुजवून रंगाचा हात, समजा १२,०००. उरले ८१,२००, परतावा सव्वातीन टक्के. घरपट्टी अजून वजा करायचीच आहे. रिकाम्या घरातही वीज मीटरचा स्थिर आकार आणि कर्जाचा हप्ता चालूच राहतो.

‘डिपॉझिट आहे की’ हेही चूक; ते परत द्यायचे पैसे आहेत.

सगळ्यात महागात पडतो तो ५०० रुपयांचा हट्ट. जास्त भाड्यासाठी घर महिनाभर अडवलं, तर बुडालेले १०,००० भरून यायला २० महिने लागतात, आणि करार ११ महिन्यांचाच!

करारात महिन्याची नोटीस आणि त्या काळात घर दाखवण्याची मुभा लिहून घ्या. आयकर विवरणपत्रात रिकाम्या महिन्यांचं न मिळालेलं भाडं उत्पन्न म्हणून दाखवू नका. रंग-दलाली मात्र वेगळी वजा होत नाही, ती भाड्याच्या उत्पन्नातून सरसकट मिळणाऱ्या ३० टक्के प्रमाणित वजावटीतच आली.