पत्ता काय सांगणार?

फ्लॅट आवडला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून काहींना वाटेल की आवडला नव्हता म्हणून ही बाई एवढं लिहीत बसली.

दोन बेडरूम, पूर्वेची बाल्कनी आणि खाली दणकट हौद. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. त्यामुळे घर बघायला गेलं की आम्ही बायका आधी हौद बघतो, मग गच्चीवरच्या टाक्या, आणि वेळ उरला तर बेडरूम. हौद बघूनच मी नवऱ्याकडे बघितलं. तो एजंटाकडे बघत होता, कारण तेवढाच फ्लॅट जुळे सोलापूर या उपनगरात आम्हाला आठ लाखांनी महाग सांगितला होता.

आठ लाख का कमी, ते एजंटाला माहीत होतं आणि आम्हालाही. त्याच्या पत्रकावर ‘मध्यवर्ती ठिकाण, सर्व सोयींनी युक्त’ असं छापलं होतं. खुणेसाठी एक शाळा, एक मंगल कार्यालय आणि एक पेट्रोल पंप दिला होता. मागच्या कंपाउंडला लागून जी वस्ती सुरू होते तिचं नाव मात्र अख्ख्या पत्रकात नव्हतं. मी विचारलं, “हे सेटलमेंटच ना?” तर म्हणाला, “मॅडम, तसं म्हणायचं नाही आता. तुम्ही पत्ता सांगताना शाळेचं नाव सांगा.”

सेटलमेंट म्हणजे चोरांची वस्ती म्हणून बदनाम झालेला भाग. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. त्यांच्या कपाळावर आठी आलेलीच असणार.

लॅबमध्ये जेवताना मी विषय काढला. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, दुसरी पाळी असली की सुटायला रात्रीचे दहा वाजतात. एक जण लगेच म्हणाली, “तिथं? गळ्यातलं काढून पर्समध्ये ठेवायचं आणि पर्स घरी ठेवून जायचं.” सगळे हसले, मीही हसले. मग विचारलं, कुणाचं गेलं गळ्यातलं? तिच्या चुलत्याच्या मित्राचं पाकीट. कधी? तिच्या लग्नाआधी. तिचा मुलगा आता इंजिनिअरिंगला आहे. आमच्यातल्या एकीचं मंगळसूत्र खरंच गेलंय, दोन वर्षांपूर्वी, संध्याकाळच्या सहा वाजता, ती ज्या नावाजलेल्या कॉलनीत राहते तिच्याच गेटसमोर. त्या कॉलनीत राहायला जाऊ नका असं कुणी कुणाला सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

भावाचा फोन आला. “ताई, येडी झालीस का बे तू? पोरगी अकरावीला हाय.” आता हा स्वतः पुण्यात राहतो. लग्नाच्या वेळी मुलीकडचे म्हणाले होते, मुलगा चांगला आहे पण सोलापूरचे लोक जरा हेच असतात. तेव्हा त्याला किती राग आला होता! त्याची आठवण करून दिली तर म्हणाला, ते वेगळं.

वेगळं ते काय, हे मी बरेच दिवस घोळवत बसले होते. मला जे सापडलं ते आपण शाळेत ‘आपल्या जिल्ह्याचा इतिहास’ म्हणून कधी शिकलो नाही.

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. कैकाडी, पारधी, टकारी अशा किती तरी जमातींवर पुढे या कायद्याखाली शिक्का बसला. शिक्का जमातीवर होता, म्हणून पाळण्यातलं पोरही त्यात आलं. या लोकांना एका जागी डांबण्यासाठी सरकारने वसाहती काढल्या, त्यांतली एक मोठी वसाहत आपल्या सोलापुरात होती. भोवती काटेरी तारेचं कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर पाऊल टाकायचं तर पास. आतली माणसं गिरण्यांत राबायला जायची आणि हजेरीला परत तारेच्या आत यायची. म्हणजे ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर आपण जुन्या सोलापूरच्या आठवणी काढून हळवे होतो, त्याच भोंग्यावर काही जणांची मोजणी होत होती.

३१ ऑगस्ट १९५२ ला त्या कायद्यातून या जमाती सुटल्या. म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात आणि हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. तार गेली, पण वस्तीचं नाव तेच राहिलं. मुलीने मोबाइलवर ‘सेटलमेंट’चे अर्थ शोधले. एक वसाहत, दुसरा तडजोड, तिसरा हिशेब मिटवणे. तिसरा वाचून तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. काही बोलली नाही, अकरावीतल्या मुली काही बोलत नाहीत.

आणि गंमत बघा. १९३० च्या मे महिन्यात याच इंग्रजांनी अख्ख्या सोलापूरवर मार्शल लॉ लावला होता. त्यांच्या कागदात तेव्हा सगळं गावच दंगेखोर. धनशेट्टी, सारडा, कुर्बान हुसेन आणि शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आज आपण चार पुतळ्यापाशी दर वर्षी हार घालतो. त्यांच्या बाबतीत इंग्रज खोटे होते हे आपल्याला लगेच कळतं. त्याच सरकारने दुसऱ्या यादीत घातलेल्या माणसांच्या बाबतीत मात्र आपण इंग्रजांवर अजून विश्वास ठेवून आहोत.

पण भाषण पुरे. मी काही समाजसुधारणा करायला तिथं निघालेली नाही. स्वस्त मिळतंय म्हणून बघतेय. आणि तिथंच माझी खरी अडचण होती.

तीन वेगवेगळ्या दिवशी आम्ही त्या भागात गेलो. एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा मुद्दाम रात्री सव्वादहाला, म्हणजे माझी पाळी सुटल्यावर स्कुटी ज्या वेळेला पोचेल त्या वेळेला. मुख्य रस्ता सोडला की साधारण तीनशे पावलं अंधार. खांब आहेत, दिवे नाहीत. गटार एका बाजूने उघडं. कोपऱ्यावर चार-पाच पोरं कट्ट्यावर पिऊन बसलेली. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण घरी आले तर आमच्या अशोक चौकाकडच्या गल्लीच्या तोंडाशीही कट्टा आहे आणि त्यावरही पोरं बसलेलीच होती. त्यातल्या एकाने “काकू, उशीर झाला आज” म्हणून गाडी लावायला जागा करून दिली. या पोरांची मला भीती वाटत नाही, कारण ती मला काकू म्हणतात. कुणी परका माणूस रात्री सव्वादहाला आमच्या गल्लीत शिरला तर त्याला काय वाटत असेल, हा विचार मी वीस वर्षांत केला नव्हता.

दुपारच्या फेरीत चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्याने ओळखलं की फ्लॅट बघायला आलोय. म्हणाला, “घ्या की. हितं चोरी व्हत नाही. शहरात कुठंबी चोरी झाली की गाडी आधी हितंच येती, मग चोर हितं कशाला थांबतोय?” हसत सांगितलं त्याने. मग भांडी विसळता विसळता म्हणाला की त्याचा पोरगा आयटीआय झालाय, दोन ठिकाणी मुलाखत चांगली गेली आणि पत्ता वाचून पुढे काही आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी त्याने मावशीचा पत्ता दिला, तिथं लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात ते आठ लाख फिरले. मला जी सवलत मिळतेय ती बिल्डरने दिलेली नाही. ती या पोराच्या दोन गेलेल्या नोकऱ्यांतून आलीय. नाव खराब आहे म्हणून भाव कमी, आणि भाव कमी म्हणून मी इथं. उद्या माझ्यासारखी दहा-वीस कुटुंबं आली, रस्त्याला दिवे लागले, भाव वाढला, तर फायदा पुन्हा आमचाच. टपरी तेव्हा तिथं राहील का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. यावर तुम्ही म्हणाल, मग घेऊ नको. न घेतल्याने त्याच्या पोराचं काय भलं होणार तेही मला कळत नाही.

बँकेत तर वेगळाच अनुभव. एका बँकेतला साहेब फाइल बघून म्हणाला, हा निगेटिव्ह एरिया आहे, व्हॅल्युएशन कमी येईल, कर्ज कमी बसेल. मी विचारलं, निगेटिव्ह कशाने ठरतं? तो म्हणाला, यादी आहे. यादी बघायला मिळेल का? नाही. परत आपली एक यादी! दुसऱ्या बँकेने कुरकुर न करता कर्ज दिलं, व्याज किंचित जास्त.

आता सासूबाई. यांनी तीस वर्षं विड्या वळल्या, रोजच्या हजार. विडी कारखान्याच्या ब्रँचमध्ये चेकरने छाट काढली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या, तरी एक शब्द न बोलता घरी येऊन परत सूप मांडीवर घेणारी बाई. त्या एकदम म्हणाल्या, “वद्दु.” आमच्याकडे तेलुगूतून नाही म्हटलं की ते मराठीतल्या नाहीपेक्षा पक्कं असतं. कारण विचारलं तर चोरी नाही, दारू नाही, दुसरंच निघालं. नातीच्या बायोडाटावर पत्ता काय लिहिणार?

मी तेव्हा चिडले. नंतर नवऱ्याने जुनी गोष्ट काढली. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी गोदूताई परुळेकर घरकुल उभं राहत होतं, तेव्हा सासूबाईंनाही नाव घालायचं होतं. सासरे म्हणाले, त्या माळावर कोण राहणार, रात्री-बेरात्री काय झालं तर? नाव घातलं नाही. २००६ मध्ये तिथल्या दहा हजार घरांचा ताबा पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिला गेला. सासूबाईंच्या बरोबर ब्रँचला जाणाऱ्या मैत्रिणी आज तिथं स्वतःच्या घरात आहेत आणि आम्ही अजून भाड्याने. आता तिथं भाजी बाजार भरतो, रिक्षा मिळतात, शाळा आहेत. अक्कलकोट रोडने लग्नाला जाताना कुंभारी आलं की सासूबाई खिडकीबाहेर बघतात आणि बस पुढं जाईपर्यंत बोलत नाहीत. मला वाटायचं त्यांना गाडी लागते.

हे मी त्यांना तोंडावर काढून दाखवलं नाही. फक्त एका रविवारी टपरीवर चहाला घेऊन गेले. समोरच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. दोघींचं बोलणं सुरू झालं ते गुडघ्यांवरून. मग पाणी किती दिवसांनी, भाजी कुठली चांगली, सून कशी. माझ्यासमोर सून कशी! म्हातारीने विचारलं, “तुमी कुठं ऱ्हाता?” सासूबाईंनी अशोक चौक सांगितलं. “आगं बया, पूर्व भागात? तितं लई गर्दी, लई भांडणं म्हणत्यात.” सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. रिक्षात बसल्यावर मला म्हणाल्या, आपल्याकडे कुठं भांडणं होतात गं? परवाच शेजारच्यांची झाली होती, पण मी गप्प बसले.

परवा शुक्रवारी इसार दिला. सासूबाई आल्या नाहीत, पण दिव्यासाठी कोनाडा कुठं करायचा ते सांगून ठेवलंय. मुलीने पत्ता जसा आहे तसाच लिहायचा असं जाहीर केलंय. बायोडाटाचं नंतर बघू, आधी बारावी. भाऊ अजून फोन उचलत नाही.

अंधाराचं मात्र काम करायचंय. तीनशे पावलांत सहा खांब आहेत, मी मोजलेत, फोटोही काढलेत. महापालिकेत अर्ज कसा आणि कुणाकडे द्यायचा ते माहीत असलेल्यांनी कमेंटमध्ये सांगा. टपरीवाला म्हणतो आम्ही दोनदा दिलाय. तिसऱ्यांदा त्यांच्या सह्यांबरोबर आमच्या इमारतीच्याही सह्या लागल्या तर बघू काय होतं. आणि त्या भागात आधीपासून राहणारं कुणी हे वाचत असेल तर पाण्याचा वार कोणता आणि रात्री दहानंतर तिकडं यायला रिक्षावाले तयार होतात का, एवढं कळवा. पावसात स्कुटीचा भरवसा नाही.