कुत्री-मांजरं छपरावरून पडत नव्हती

पावसाळा लागला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड हमखास येतो: ‘सोळाव्या शतकात इंग्लंडात गवताची छपरं असत. उबेसाठी कुत्री-मांजरं त्यात राहत. पावसात छप्पर निसरडं झालं की ती धपाधप खाली पडत. म्हणून मुसळधार पावसाला म्हणतात इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज! ऑफिसच्या मेलमध्ये वापरा, छाप पडेल.’ १९९९ मध्ये ईमेलवरून जगभर फिरलेल्या एका मजकुराचा हा मराठी अवतार.

आधी छप्पर. मावळ-मुळशीकडची शाकारलेली घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना यातली खोट लगेच कळेल. इंग्लंडातल्या अशा छपराचा उतार साधारण ४५ ते ५० अंश, गवताचा थर फूटभर. आढ्याचं पाणी वळचणीला जातं ते काडीवरून काडीवर घरंगळत. वरचा इंचभर थर भिजतो, आत कोरडं. मांजर आत शिरलेलं असेल तर ते घसरेल कशाला? आणि भर पावसात छपराच्या वर बसण्याइतकं ते खुळं नसतं. कुत्रं तर त्या उतारावर टिकायचंच नाही.

शतकही चुकलंय. जुन्यात जुन्या छापील नोंदी सतराव्या शतकाच्या मध्यातल्या. रिचर्ड ब्रोमच्या १६५३ साली छापलेल्या ‘द सिटी विट’ नाटकात तर कुत्र्यांच्या जोडीला मांजर नाहीच, पोलकॅट आहे, म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा प्राणी. आजचं रूप जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात मिळतं. त्याच्याच १७१० च्या कवितेत पावसाच्या लोंढ्यात मेलेली मांजरं वाहत येतात, पण ती लंडनच्या रस्त्यांवरून. मुळात प्राणी खरंच पडले असतील, हा हट्ट का? मुसळधार पावसात आपण कुठे आभाळात उखळ शोधतो?

राहिली छाप. हा वाक्प्रचार आता जुनाट आणि थट्टेचा वाटतो, गप्पांत चालेल. उशीर झाल्याच्या मेलमध्ये ‘हेवी रेन’ लिहावं, बोलताना ‘इट्स पोअरिंग’. वापरायचाच तर कर्ता ‘इट’च, ‘कॅट्स अँड डॉग्ज आर रेनिंग’ चूक. मध्ये ‘लाइक’ घालू नये (मराठीतला ‘सारखा’ तिथे नकळत शिरतो). ‘हेवी’ही जोडू नये, जोर त्यातच आहे. आणि पुण्याची दिवसभराची रिपरिप यात बसत नाही. तिला ‘ड्रिझल’ म्हणतात.