पाठीत ओल, तोंडाला गिलावा

बागेतल्या संरक्षक भिंतीचा गिलावा सुटू लागला की घरमालकाच्या ध्यानात येते, की ओळखीतला प्रत्येक माणूस मुळात गवंडीच होता आणि निव्वळ परिस्थितीमुळे दुसऱ्या नोकरीत अडकला. येणारा प्रत्येक जण आधी भिंतीवर बोटाची पेरे वाजवतो, कान देऊन ऐकतो, 'पोकळ बोलतेय' असे निदान करतो आणि खात्रीसाठी पुन्हा जोराने ठोकून, एरवी आणखी वर्षभर तग धरून राहिला असता असा ढलपा आपल्या पायांशी पाडतो.

आमच्या भिंतीच्या एका अंगाला हवा आहे आणि दुसऱ्या अंगाला छातीभर माती. पावसात या मातीत साचणाऱ्या पाण्याला वाट मिळाली नाही, तर त्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो आणि एक मीटर खाली तो दर चौरस मीटरला सुमारे एक टन भरतो. एवढा जोर पाठीवर घेऊन उभ्या असलेल्या भिंतीला दर्शनी बाजूने रंग कोणता द्यावा, यावर आमच्या घरात मतभेद चालू होते.

रंगाचे प्रकरण तसे मोठे प्रेक्षणीय असते. आधी एक फोड येतो, तो बोटाने दाबला की मऊ लागतो, मग फुटतो आणि आतून पांढरी भुकटी सांडते. हा लोणा. पाणी विटांतून क्षार घेऊन येते, पृष्ठभागाशी आल्यावर स्वतः उडून जाते आणि क्षार मागे ठेवते. त्यांचे स्फटिक गिलाव्याआड वाढू लागले की त्याला आतून ढकलून देतात. ही भुकटी पाण्याने धुतली तर क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात, म्हणून ती कोरड्या ब्रशने झाडावी लागते. मी तसा ब्रश घेऊन बसलो असताना शेजारच्या काकांनी कुंपणावरून पाण्याची चालू नळीच पुढे केली आणि माझ्या कामाबद्दल मनापासून कीव व्यक्त केली.

मिस्त्रींची सगळी श्रद्धा वॉटरप्रूफिंगच्या पावडरीवर. "साहेब, समोरून असा माल मारतो, की पाण्याची बिशाद नाही!" पाणी समोरून येतच नसल्याने त्याच्या बिशादीचा प्रश्नही मागच्या बाजूलाच होता, परंतु मातीकडची बाजू उकरून तिथे गिलावा करायचा म्हटल्यावर ते दुखावल्या स्वरात म्हणाले, "मागून कोण बघतंय, साहेब?" या युक्तिवादाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही.

अखेर सौभाग्यवतींच्या गुलाबांचे, त्यांच्या देखरेखीखाली आणि माझ्या कमरेच्या जिवावर, स्थलांतर झाले. पायापर्यंत चर खणून मागची बाजू सारखी करून घेतली, ती वाळल्यावर डांबरी लेपाचे दोन हात दिले, तळाशी छिद्रांचा पाइप टाकला आणि मातीने खडी बुजू नये म्हणून मध्ये कापड घालून खडीचा भराव केला. हे सगळे पुन्हा मातीखाली गेल्यामुळे पाहुण्यांना दाखवण्याजोगे काहीच उरले नाही.

समोरची बाजू मात्र मिस्त्रींनी जीव ओतून केली. विटांच्या दरजा खरवडल्या, भिंत भिजवली, पहिला थर ओला असतानाच त्यावर रेघोट्या ओढल्या, म्हणजे दुसरा घट्ट धरतो. वरचा थर खालच्याहून जास्त सिमेंटचा नसावा, नाहीतर तो आकसताना खालच्यालाही ओढतो, हेही त्यांनी मान्य केले. माथ्यावर उताराची फरशी बसवून तिच्या खालच्या कडेला पाणथेंब अडवणारी खाच ठेवली. नंतर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे माझ्याकडे होते, आणि ओल घालवण्यासाठी खर्च केलेल्या भिंतीवर मी स्वतः पाणी ओततो आहे, हे पाहून काकांना माझी पुन्हा कीव आली.

भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली होती. नको इतकी गुळगुळीत, कारण पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली भोके मिस्त्रींनी सफाईने लिंपून टाकली होती. "वाईट दिसत होती, साहेब," ते म्हणाले. ती पुन्हा मोकळी करताना त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

पहिल्याच मोठ्या पावसात प्रत्येक भोकातून पाण्याची धार लागली, वरचा गिलावा कोरडा ठणठणीत राहिला आणि मी छत्री घेऊन कौतुकाने बघत उभा राहिलो. तेवढ्यात काका धावत आले, "अहो, भिंत गळतेय!" असे ओरडले आणि सिमेंटचा गोळा घेऊन पहिल्या भोकाकडे वळले.