टीम बिल्डिंगला आधी टीम तर येऊ द्या!

यंदा नववीच्या सहलीचं नोटिशीतलं नाव होतं 'लीडरशिप अँड टीम बिल्डिंग कॅम्प'. रामटेकच्या पुढे पेंचच्या बाजूला एक मुक्काम, फी साडेतीन हजार. लेक जाऊन आली. गुडघा फुटलाय, आवाज बसलाय आणि स्वारी भलतीच खूश आहे. कॅम्प वाईट होता असं मी अजिबात म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि बसमध्ये जेमतेम अर्धी. अर्धा वर्ग घरी बसवून कोणती टीम बांधता बाप्पा?

न आलेले कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. काहींच्या घरी साडेतीन हजार म्हणजे महिन्याचा किराणा. काही मुलींना मुक्काम म्हटल्यावर घरून साफ नकार. आणि काहींनी नोटीस घरी दाखवलीच नाही. ही शेवटची मुलं मला जास्त टोचतात. चौदा-पंधरा वर्षांचं पोट्टं बापाच्या खिशाचा अंदाज घेतं, कागद दप्तरातच ठेवतं आणि मित्रांना सांगतं, "मले नाही आवडत बे असलं काही." शाळेच्या यादीत त्याच्या नावापुढे शेरा पडतो, 'इच्छुक नाही'.

आता तिथे काय खेळवतात ते बघा, म्हणजे माझा मुद्दा कळेल. दोन झाडांच्या मध्ये दोरीचं जाळं बांधलेलं. लहानमोठी भोकं. गटातल्या प्रत्येकानं त्यातून पलीकडे जायचं, दोरीला अंग लागलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि एक भोक एकदाच वापरायचं. खालची सोपी भोकं सगळे आधी संपवतात, तिथेच गट फसतो. मग उरतात छातीच्या वरची. त्यातून जायचं तर एकाला आडवं उचलायचं, त्यानं हात अंगाला घट्ट चिकटवायचे, श्वास रोखायचा आणि बाकीच्यांनी त्याला तसाच पलीकडच्यांच्या हातात द्यायचा. लेकीच्या गटातला सगळ्यात उंच, धडधाकट मुलगा हौसेनं पहिलाच सटकला. पलीकडे झेलायला माणूस आहे, पण इकडून उचलणार कोण? वर्गात पहिली येणारी मुलगी सारखी सूचना देत होती, कोणी ऐकेना. शेवटी एरवी तोंड न उघडणारी एक पोरगी म्हणाली, "आधी ठरवा, शेवटी कोण राहणार." त्यानंतर कुठे गाडी रुळावर आली.

फळ्यांचाही खेळ असाच. दोन लांब फळ्या, त्यांना दोरीचे फास, सहा-सात जण एकामागे एक उभे. डावा, उजवा, डावा. एकानं पाय लवकर उचलला की सगळेच धडाधड खाली.

या खेळांत टक्के चालत नाहीत, यातच त्यांची खरी गंमत आहे. इथे बारीक पोर लागतं, दणकट पोर लागतं, डोकं शांत ठेवणारं एखादं लागतं. वर्गात असे सगळे नमुने असतात. पण फीची चाळणी लावली की साधारण एकाच घडणीच्या घरांतली, एकाच कोचिंगला जाणारी मुलं उरतात. ती तशीही एकमेकांची मित्रच असतात.

आणि पुढचा सोमवार. अर्ध्या वर्गाकडे नवे विनोद, नवी टोपणनावं, कोण चिखलात कसा आपटला त्याचे किस्से. उरलेला अर्धा वर्ग नुसता ऐकतोय. सहलीआधी वर्ग एक होता, सहलीनंतर त्याचे दोन झाले. टीम बिल्डिंगचा हा निकाल!

या सगळ्या प्रकाराचं मूळ तरी बघा. 1941 साली, ऐन महायुद्धात, वेल्समधल्या ॲबरडोव्ही गावात कुर्ट हान या शिक्षणतज्ज्ञानं जहाज व्यवसायातल्या लॉरेन्स होल्ट यांच्या साथीनं 'आउटवर्ड बाउंड' या साहसी शिबिरांच्या संस्थेची पहिली शाळा काढली. त्यात जहाजांवर उमेदवारी करणारी पोरं होती, तशी शाळांमधलीही होती. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका दोराला लावायची, हाच तर बेत होता. आपण त्यातला दोर घेतला आणि वेगवेगळी घरं वगळली.

पालकांच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तर एका काकांचं उत्तर आलं, "ज्यांना परवडतं त्यांनी काहून थांबावं?" थांबू नका ना! सुटीत स्वतःच्या खर्चानं खुशाल पाठवा, मीही पाठवीन. पण शाळा जेव्हा 'वर्गाची सहल' म्हणते, तेव्हा ती वर्गाला परवडली पाहिजे. दुसऱ्या एका ताईंनी सुचवलं, गरजू मुलांसाठी वर्गणी काढू. भावना चांगली आहे, पण कोणाचे पैसे कोणी भरले हे या वयात दोन दिवसांत वर्गभर होतं, आणि ते पोट्टं मग बसमध्ये मान खाली घालून बसतं.

त्यापेक्षा खर्चच कमी करा की! शैक्षणिक सहलींना एसटी भाड्यात 50 टक्के सवलत देते. रामटेक आपल्या नागपुरातून साधारण 50 किलोमीटर. सकाळी निघा, गडमंदिर चढा, कालिदासाचं स्मारक दाखवा, खिंडसी तलावाच्या बाजूला खेळ घ्या, संध्याकाळी पोरं घरी. मुक्काम नाही म्हटलं की मुलींचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो. तेही जमत नसेल तर शाळेचं मैदान काय वाईट आहे? जाळ्याला दोरी लागते, फळ्या कोणत्याही लाकडाच्या टालात मिळतात. डिसेंबरच्या नागपुरी थंडीत सकाळी सातला मैदानावर बोलवा, गरम तर्री-पोहे द्या, पोरं नाही म्हणणार नाहीत.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. स्वस्त करायचं म्हणून सुरक्षेत काटकसर नको. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. तेव्हा खिंडसीला बोटीत बसवायचं तर प्रत्येकाला जॅकेट, नाहीतर काठावरूनच पाणी बघा. उंचीवरचे झिपलाइन (तारेवरून घसरत जाणं), बर्मा ब्रिज (दोरांचा पूल) हे हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे, आणि जाणकार माणूस असेल तरच, नाहीतर सरळ वगळा. जमिनीवरचे खेळ पुरे होतात. माझ्या लेकीला झिपलाइनवरून जायला मिळालं, तिनं त्याबद्दल दोन वाक्यं सांगितली. त्या जाळ्यावरून मात्र ती अजून भांडतेय, की उंच पोराला आधी जाऊ दिलं कोणी!

पुढच्या पालकसभेत मी दोन गोष्टी मांडणार आहे. फी ठरवण्याआधी वर्गशिक्षकांनी बघावं, किती मुलं खरंच येऊ शकतील. आणि यादीतला तो 'इच्छुक नाही'चा रकाना काढून टाकावा. ज्यांची मुलं नववी-दहावीत आहेत त्यांनी आपल्या शाळेतही विचारा, आणि जवळच्या डेपोत एसटीच्या सवलतीची चौकशी करून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत बस मिळायची मारामार असते.