कुकरमधलं पेट्रोल: हा मेसेज पुढे पाठवू नका

विट्याला माझ्या धाकट्या भावाचं गॅरेज आहे. परवा त्याचा फोन आला, "ताई, पाच लिटर मिथेनॉल आणलंय. तुझा जुना कुकर देतेस का?" मग त्याच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज वाचला: 1 लिटर मिथेनॉल, मूठभर झिओलाइट (बारीक छिद्रांचं खनिज), कुकरमध्ये वीस मिनिटं, की 1 लिटर पेट्रोल तयार. वर 'कंपन्यांनी दाबून ठेवलेलं तंत्र'. मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. वाचून हातपाय गार पडले.

आधी कुकरचं बोलू. मिथेनॉल 65 अंशांना उकळतं. खाली शेगडी पेटलेली आणि शिट्टीतून मिथेनॉलची वाफ बाहेर! पहिल्या शिट्टीलाच भडका उडेल. त्याची ज्वाळा फिकट निळी, उन्हात जवळजवळ दिसतच नाही. हात भाजल्यावरच कळतं. पोरांच्या हाती लागून घोटभर पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. आणि एवढं करून कुकर तापणार फार तर 120 अंशांपर्यंत. मिथेनॉलचं पेट्रोल करायच्या खऱ्या प्रक्रियेला 350 ते 400 अंश लागतात.

लिटरला लिटर? मिथेनॉलच्या रेणूतून पाणी निघून गेलं की हायड्रोकार्बन, म्हणजे पेट्रोल ज्याचं बनलेलं असतं ते, उरतं. 32 ग्रॅममधले 18 ग्रॅम पाणी, हाती 14. लिटरमागे अर्धा लिटरही पेट्रोल मिळत नाही.

'कपड्यांच्या पावडरीतला झिओलाइटही चालतो' म्हणे. अजिबात चालत नाही. तो सोडियमचा, पाण्यातला कॅल्शियम धरायला घातलेला. इथे लागतो झेडएसएम-5 नावाचा आम्लधर्मी झिओलाइट. त्याची छिद्रं साधारण अर्ध्या नॅनोमीटरची, म्हणून पेट्रोलच्या मापाचेच रेणू बाहेर पडतात. त्यावरही कार्बन साचतो, तो वरचेवर जाळून काढावा लागतो.

मिथेनॉलऐवजी साखर कारखान्याचं स्पिरिट घालू, असं कुणी म्हणेल. ते म्हणजे इथेनॉल. ते तसंच पेट्रोलमध्ये मिसळतात, त्याला हा खटाटोप कशाला?

मिथेनॉलचं पेट्रोल होतं, एवढं मात्र खरं. मोबिल कंपनीने 1970च्या दशकात ही पद्धत काढली. न्यूझीलंडमध्ये मोटुनुईला 1985 पासून नैसर्गिक वायूचं मिथेनॉल आणि त्याचं पेट्रोल करत होते, दिवसाला सुमारे 14,500 बॅरल. दाबून ठेवलं कुठे? पुढे तेल स्वस्त झालं, मिथेनॉल तसंच विकणं परवडू लागलं, म्हणून पेट्रोल काढणं थांबलं.

भावाचा कॅन वेल्डिंगच्या कोपऱ्यात होता. फोन चालू असतानाच झाकण घट्ट लावून तो मागे सावलीत हलवायला लावला. दुकानदाराला परत देऊन येईपर्यंत मी रोज फोन करणार आहे.